कोरडं फडकं

नाशिकमध्ये रोज सकाळी घरोघरी चष्म्यांवर दगडाची पूड घासली जाते. उशाजवळचा चष्मा उचलायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि बनियनच्या टोकाने, पदराने, टॉवेलने, हाताला लागेल त्या फडक्याने तो करकरा पुसायचा. हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. ज्या वस्तूवर आपलं वाचणं, गाडी चालवणं, हिशेब लिहिणं, निवडणं-टिपणं, अनेकांचं तर पोटही अवलंबून आहे, तिची इतकी आबाळ आपण दुसऱ्या कशाचीच करत नाही. मोबाइलला काचेचं आवरण लावतो, स्कूटरच्या सीटवर कव्हर घालतो आणि दोन-पाच हजारांचा चष्मा मात्र सदऱ्याच्या टोकाने घासून घालवतो. ही सवय मूर्खपणाची आहे. पण तिचा दोष एकट्या घासणाऱ्याचा नाही. चष्मा विकणाऱ्यांनी ही सवय मोडण्यासाठी काही केलेलं नाही, कारण ती मोडण्यात त्यांचा फायदा नाही.

आधी धूळ म्हणजे काय ते समजून घ्या. आपलं शहर सह्याद्रीच्या काळ्या कातळावर बसलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट. रस्त्याची खडी त्याची, काँक्रीटमधली खडी त्याची आणि नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून बांधकामाची वाळूही त्याचीच, क्रशरमध्ये दळलेली. डोंगर फोडण्याचं हे काम कुठवर गेलं आहे ते आपण पाहिलंच आहे. 2021 मध्ये ब्रह्मगिरीच्या परिसरातल्या खोदकामाविरुद्ध लोकांना आवाज उठवावा लागला. त्यात आता 2027 च्या सिंहस्थाची कामं. रस्ते खोदलेले, डंपर धावताहेत, आणि द्वारका चौकापासून पंचवटीपर्यंत दुचाकीवर गेलात तर घरी येईतो चष्म्यावर करड्या पुडीचा थर बसतो. ती पूड म्हणजे चुरडलेला कातळ. बेसॉल्टमधली खनिजं चाकूच्या पोलादाइतकी, काही तर त्याहूनही कठीण असतात. याच कातळाच्या पोकळ्यांत स्फटिक आणि अकीक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते दिमाखात मांडून ठेवले आहेत, एकदा जाऊन बघा. मोसच्या मापात स्फटिकाची कठिणता सात, चाकूच्या पोलादाची साडेपाचच्या आसपास. शिवाय एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख आहे, तिच्यातही सिलिका असते. हा सगळा ऐवज चष्म्यावर बसवून आपण त्यावर कोरडं फडकं फिरवतो, वर बोटाने दाब देतो, आणि स्वच्छ झाला म्हणतो.

आणि ज्यावर घासतो ते काय आहे? बहुतेक चष्म्यांत आज खरी काच नसते. अमेरिकेत रॉबर्ट ग्रॅहम यांच्या आर्मरलाइट कंपनीने 1947 पासून सीआर-39 नावाच्या रेझिनची भिंगं चष्म्यात आणली. महायुद्धात विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरलेला हा पदार्थ काचेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, आणि पडला तरी तुकडे डोळ्यात जाण्याची भीती कमी. जाड नंबरवाल्यांच्या नाकावरचे वळ त्याने कमी केले, खेळणाऱ्या पोरांचे डोळे वाचवले. त्याबद्दल त्याचे उपकारच मानायला हवेत. पण ओरखड्यांपुढे हा पदार्थ काचेइतका टिकत नाही. 'फुटत नाही' म्हणून विकलं जाणारं पॉलिकार्बोनेट तर आणखी मऊ. म्हणून त्यावर काही मायक्रॉन जाडीचा कठीण लेप देतात. त्यावर प्रकाशाचं परावर्तन मारणारे थर असतात. 1935 मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी ही युक्ती शोधली. साध्या भिंगाच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. हे थर तो एक टक्क्याच्या खाली आणतात. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास त्यामुळेच कमी होतो. पण परावर्तन मारणाऱ्या या सगळ्या थरांची मिळून जाडी एक मायक्रॉनही भरत नाही. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो. एवढ्या नाजूक लेपावर क्रशरची पूड घासल्यावर काय उरणार?

आमच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी थोडा वेळ बसा. 1840 सालची ही संस्था, आणि तिथला नेमाने येणारा वाचक बहुतेक साठीच्या पुढचा. परवा माझ्या शेजारी एक गृहस्थ आले. आल्या आल्या त्यांनी रुमाल काढला, मानेचा घाम टिपला, त्याच रुमालाने चष्मा पुसला. गोल गोल, जोर लावून, दोन्ही बाजूंनी. मग पेपर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला, आणि मला म्हणाले, "ताई, नंबर वाढलाय वाटतं. अक्षर पुसट दिसतंय." मी म्हटलं, "काका, जरा बघू चष्मा." खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. दोन्ही भिंगांच्या मधोमध, नेमकी जिथून नजर जाते तिथे, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे पडले होते. कडेला लेपाचे पोपडे सुटलेले. नाकाच्या पॅडखाली हिरवट काळा मळ साठलेला. मी त्यांना म्हटलं, डोळे तपासून घ्याच, मोतीबिंदू असू शकतो, पण हा चष्मा घालून कुणालाही पुसटच दिसेल. ते म्हणाले, "रोज पुसतो हो मी. दिवसातनं चार वेळा." आणि हे खरंच होतं. चष्म्याची काळजी घेतो असं समजूनच माणूस त्याची वाट लावत होता. इतक्या वर्षांत त्यांना कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

कुणी सांगायला हवं होतं? ज्याने पैसे घेतले त्याने.

मुलीचा चष्मा करायला मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या दुकानात वेगळं काही घडलं नसतं. चकचकीत काउंटर, भिंतभर फ्रेमी, थंडगार हवा. विक्रेत्या मुलाने निळ्या लेझरचा पेन काढला, एका भिंगातून तो पलीकडच्या कार्डावर पाडून दाखवला, मग 'ब्लू कट' भिंग मध्ये धरलं आणि ठिपका गायब झाला. "बघा काकू, मोबाइलचे घातक किरण असे अडतात." या खेळासाठी त्याच्याकडे भरपूर वेळ होता. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची अकॅडमी संगणकासमोर बसण्यासाठी अशा चष्म्यांची शिफारस करत नाही. 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 17 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा डोळ्यांचा शीण कमी होतो असं त्यांत दिसलं नाही. हे मी त्याला सांगितलं तर तो हसला. मग त्याने भिंग 'स्क्रॅच प्रूफ' असल्याचं ठासून सांगितलं. मी विचारलं, "हा धुवायचा कसा?" त्याला प्रश्नच कळला नाही. "धुवायचा कशाला काकू? हे कापड फ्री आहे ना, याने पुसायचा." आणि काउंटरवर उघडंच पडलेलं एक कापड उचलून त्याने नवा कोरा चष्मा माझ्यादेखत कोरडा पुसून दाखवला.

घरी येऊन बिल उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत छापलेलं: भिंगावरच्या ओरखड्यांची हमी नाही. तोंडाने सांगायचं चरा पडणारच नाही, आणि कागदावर छापून ठेवायचं की पडला तर आम्ही बांधील नाही. याला मी लबाडी म्हणते. चरा पडणारच नाही असं प्लास्टिकचं भिंग जगात कुठेही मिळत नाही. कठीण लेपाने चरे कमी पडतात, एवढंच खरं आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अनुचित प्रथा मानतो. ज्या राज्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, त्या राज्यात चष्म्याच्या दुकानातलं हे रोजचं खोटं कुणाला खटकत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं आणि संतापही येतो. एका मालकाशी मी यावरून वाद घातला. तो म्हणाला, "मॅडम, दोन वर्षांत नंबर बदलतोच, लोक नवा घेतातच." म्हणजे चष्मा दोन वर्षांत खराब झाला तरी बिघडलं कुठे, असा हिशेब. चाळिशीनंतर जवळचा नंबर काही वर्षं बदलत राहतो हे मला माहीत आहे. पण ज्याचा नंबर सात-आठ वर्षं हललेला नाही, त्याला केवळ चऱ्यांपायी पुन्हा पुन्हा पैसे मोजायला लावणं हा कुठला न्याय?

मी ज्या ज्या चष्म्याच्या दुकानात गेले, तिथे ग्राहकासमोर नळ नव्हता. यावर विचार करा. ज्या वस्तूला रोज पाण्याखाली धरायला हवं, ती विकणाऱ्यांच्या दुकानात पाणीच नाही. आत कुठेतरी अल्ट्रासॉनिकचं भांडं असतं, ते आग्रह धरला तर बाहेर येतं. बेसिनपाशी दोन मिनिटं उभं राहून गिऱ्हाइकाला धुवायला शिकवण्यात काही विकलं जात नाही, म्हणून ते कुणी शिकवत नाही.

तर दुकानदारांनी जे सांगायला हवं होतं ते मी सांगते. चष्मा आधी वाहत्या पाण्याखाली धरा. साधं पाणी, कोमट चालेल, गरम नको. गरम पाण्याने खालचं प्लास्टिक फुगतं, वरचा लेप तेवढा फुगत नाही, आणि त्याला बारीक तडे जातात. ते एकदा गेले की गेले. पाण्याने खडे वाहून जाईपर्यंत भिंगाला बोटही लावायचं नाही. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. मग भांडी घासायच्या साध्या पातळ साबणाचा एक थेंब बोटावर घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी, काड्यांना, नाकाच्या पॅडना, फ्रेमच्या खोबणीला हलक्या हाताने चोळायचा. तेल, घाम, पावडर, क्रीम, फोडणीचा धूर साबणाशिवाय सुटत नाही, नुसतं फडकं ते इकडचं तिकडे करतं. पुन्हा पाणी. झटकायचा. मग धुतलेल्या, मऊ, सुती कापडाने किंवा मायक्रोफायबरच्या कापडाने पाणी टिपून घ्यायचं. बोअरचं जड पाणी असेल तर टिपायला वेळ लावू नका, क्षारांचे पांढरे डाग राहतात. संपलं. दात घासायला लागतो त्याहून कमी वेळ यात जातो.

ते फुकटचं मायक्रोफायबरचं कापडही धुवावं लागतं, हे आणखी एक गुपित. त्याचे चिरलेले बारीक धागे धूळ आणि तेल धरून ठेवतात, म्हणून तर ते पुसतं. पण दोन महिने न धुता चष्म्याच्या घरात कोंबून ठेवलं की धरलेली सगळी धूळ ते परत भिंगावर घासतं. साबणाने धुवा, कपडे मऊ करणारं द्रावण टाकू नका, वाळवा, मग वापरा.

आणि घरगुती उपायांचा तो बाजार बंद करा. चरा घालवायला टूथपेस्ट लावा, सोडा लावा, राख लावा, असे सल्ले देणारे प्रत्येक सोसायटीत एक-दोन असतात. टूथपेस्टमध्ये दात घासायची पूड असते, राखेत सिलिका. एका चऱ्याभोवतीचा लेप खरवडून काढला की चरा दिसेनासा होत नाही, सगळं भिंगच धुरकट होतं. लेप दिलेल्या भिंगावरचा चरा घरी बुजत नाही, कुणीही काहीही सांगो. खिडक्यांच्या काचा पुसायचा अमोनियावाला फवारा लेपाला मारक. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन पॉलिकार्बोनेटची वाट लावतं. सॅनिटायझरने फ्रेम पांढरट पडते. स्कूटरच्या डिकीत पान्याशेजारी ठेवलेला चष्मा आणि मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकलेला चष्मा, दोन्ही मेलेच समजा. डोक्यावर चढवायचा नाही, एका हाताने ओढून काढायचा नाही, आणि ठेवताना भिंगं खाली करून तर कधीच नाही.

यावर हमखास ऐकू येतं, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? ज्यांना परवडतं ते खुशाल म्हणोत. मला बोलायचं आहे ते दुसऱ्यांबद्दल.

येवल्याला पैठणीच्या मागावर बसलेला चाळिशीपुढचा विणकर बघा. पदरावरचा मोर भरताना रेशमाची एकेक तार उचलून त्यात रंगाचा धागा घालायचा असतो. जवळचं धूसर झालं की त्याचा हात मंदावतो, तार चुकते, उसवावं लागतं. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या घडांची विरळणी करणाऱ्या बायका दिवसभर मण्यांमधून कात्री चालवतात. अशा कामात साध्या जवळच्या चष्म्याने किती फरक पडतो, याचा पुरावा आसामच्या चहामळ्यांतून आला आहे. 2018 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पर चाचणीत 751 मजूर होते. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानं खुडण्याची क्षमता न दिलेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. चष्मा म्हणजे मजुरी आहे. त्यावर चरे पडले की मजुरीवर पडले.

म्हणूनच शिबिरांतला चष्म्यांचा कारभार बघून मला सर्वाधिक चीड येते. त्र्यंबकच्या बाजूला एका गावातलं वाटप मी उभं राहून पाहिलं आहे. व्यासपीठ, हार, बॅनर, फोटो. एका आजींना चष्मा मिळाला तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. घर नाही, कापड नाही. "आजी, दिसतंय का?" "दिसतंय रे बाबा." फोटो झाला, पुढचा. आजींनी मंडपाबाहेर येऊन तो काढला, लुगड्याच्या ओच्याने नीट पुसला, पुन्हा पिशवीत घातला आणि पिशवी कमरेला खोचली. त्या ओच्यात शेताची माती होती. तो चष्मा पावसाळ्यापर्यंत धड राहिला असेल का, याची वाटप करणाऱ्यांपैकी एकालाही पर्वा नव्हती. त्यांचा आकडा मंडपातच पूर्ण झाला होता. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, त्यातून शाळकरी पोरांना आणि म्हाताऱ्यांना मोफत चष्मे मिळतात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, तेही योग्य झालं. पण किती चष्मे वाटले हे मोजलं जातं आणि वर्षाने किती चष्म्यांतून दिसतंय हे मोजलं जात नाही, तोवर काम अर्धवटच आहे. चरे पडलेला चष्मा म्हातारं माणूस तक्रार न करता काढून ठेवतं. "आता डोळेच गेले" म्हणतं आणि गप्प बसतं.

शहरातही हे जिवावर बेततं. चऱ्यांनी डोळ्याला इजा होत नाही, हे खरं. पण प्रत्येक चरा समोरच्या दिव्याचा उजेड विखुरतो. दिवसा ते जाणवत नाही. रात्री द्वारका चौकात समोरून ट्रकचे दिवे आले की त्या विखुरलेल्या उजेडात रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. हेल्मेट सक्तीच्या मोहिमा आपण पाहिल्या. हेल्मेटच्या आतल्या चष्म्यातून त्या माणसाला काय दिसतं हे कुणी विचारत नाही.

मला जे हवं आहे ते फार महाग नाही. शिबिरात जो चष्मा वाटला जाईल त्याच्यासोबत कडक घर आणि सुती कापडाचा तुकडा द्या, नाहीतर वाटू नका. मंडपाच्या दाराशी पाण्याची बादली, एक मग आणि साबणाची बाटली ठेवा, आणि एका आशा कार्यकर्तीला तिथे उभी करून प्रत्येकाकडून त्याचा चष्मा एकदा त्याच्याच हातांनी धुवून घ्या. शाळेत चष्मा लागलेल्या पोराला बाईंनी मधल्या सुट्टीत नळावर पाठवावं. दुकानदारांनी 'स्क्रॅच प्रूफ' हे तोंडातून काढणं बंद करावं, ग्राहकासमोर एक बेसिन बसवावं, आणि बिलाच्या मागे हमी नाकारायला जेवढी जागा दिली आहे तेवढीच पुढे धुण्याची रीत छापायला द्यावी, मोठ्या अक्षरांत, मराठीत. ते करत नसतील तर तुम्ही काउंटरवर उभं राहून विचारा: हा धुवायचा कसा, दाखवा. फडकं पुढे केलं तर पैसे देण्याआधी विचारा, नळ कुठे आहे. उत्तर मिळालं नाही तर शेजारच्या दुकानात जा आणि तिथेही हेच विचारा.